न उचललेली ओळ

स्वरूप बुवा गायला बसण्याआधी पान थुंकतो. स्टेजच्या मागे जाऊन नाही, कडेलाच, सगळ्यांच्या देखत. मला त्या माणसाची किळस तिथूनच सुरू होते. गळा मात्र देवाने असा दिलाय की ऐकत राहावं, आणि हीच तर चीड आहे. एवढा गोड गळा, आणि त्यातून बाहेर येतं ते गटार.

मी रुपाली, देवबागची. सकाळी मासे विकते आणि संध्याकाळी आमच्या महिला भजन मंडळात झांज वाजवते. आमची बुवा म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी, अपेक्षा. बाई असली तरी पेटीवर बसून गाणाऱ्याला आमच्याकडे बुवाच म्हणतात. मागल्या वर्षी ती नवऱ्याचं घर सोडून आली. त्याने धाडली नाही, ती आली. पण गावाला हा फरक कळत नाही, आणि कळला तरी त्यात मजा नसते. आल्यावर बरेच दिवस ती कोणाशी बोलत नव्हती. पेटी पुढ्यात घेतली आणि मग माणसात आली.

माझा भाऊ काशीराम मनाने वाईट नाही, पण लोकांना भितो. भर समुद्रात वारा फिरला तरी डगमगणार नाही, पण नाक्यावरच्या चार रिकामटेकड्यांपुढे त्याची मान खाली. पोरीला गायला त्याने परवानगी दिली, पण अट घालून.

"ज्या दिवशी लोकांच्या तोंडात तुझा नाव वायट तऱ्हेन इला, त्या दिवशी पेटी बंद. मगे रडान दाखवू नको."

वाडीच्या सत्यनारायणाला दुपारी डबलबारी ठेवली, आमचं मंडळ विरुद्ध स्वरूप बुवा. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर. एकाने गाऊन डिवचायचं, दुसऱ्याने गाऊन उत्तर द्यायचं. डिवचायलाही पूर्वी एक रीत होती. पुराणातलं काहीतरी अवघड विचारायचे, फार तर समोरच्याच्या पोटावर नाहीतर टकलावर घसरायचे. आता बुवा घरात शिरतात. काशीराम त्या दिवशी इंजिनच्या कामाला मालवणला गेला होता. मी देवाला हात जोडले, म्हटलं, बरं झालं.

पहिली बारी अपेक्षाची. अभंग छान लागला होता, तेवढ्यात पुरुषांतून शिवा ओरडला, "गो, तुझो घोव खंय?"

हा शिवा आमच्यापासून तिसऱ्या घरातला. पर्यटकांना बोटीतून फिरवतो. पर्यटकांशी "सर, मॅडम" असं साखर घोळून बोलणार, आणि घरच्या पोरीला मांडवात बसून घोव, म्हणजे नवरा, विचारणार. लोक हसले. अपेक्षाने डोळे मिटून घेतले आणि अभंग पुरा केला.

मग स्वरूप बुवाची बारी. त्याने गजर धरला. पखवाज तापला, झांजा सुटल्या, मांडव डोलायला लागला. शिवा पुन्हा उठला. "बुवानू, माहेरवाशिणीवर एक होवंदे!"

बुवा तयारीतच होता. माझ्या मते दोघांचं आधीच ठरलेलं होतं. त्याने ओळ टाकली:

"घोवान धाडल्यान माघारी, पेटी मांडून बसली दारी, येवा रे येवा सगळे शेजारी!"

बुवाने ओळ टाकली की मागच्या कोरसने ती उचलायची, हे भजनाचं चालणंच आहे. कोरसने उचलली. मग मांडवाने उचलली. टाळ्या, शिट्ट्या, माणसं उठून नाचायला लागली. पाठीमागे सत्यनारायणाचा फोटो, समोर उदबत्ती, आणि हे चाललेलं. आमच्यातल्या दोन-चार बायकासुद्धा पदराआड हसल्या. मी त्यांची तोंडं लक्षात ठेवली आहेत. शीतपेटीतला सडका मासासुद्धा मी हाताने उचलते, पण त्या हसण्याला मी हात लावला नसता.

मी अपेक्षाचा दंड धरला. "ऊठ गो. घराक जावया."

"आत्ये, बारी माझी आसा."

"मगे तेच्या बायलेचा सांग. तेच्या दारूचा सांग. मी देतंय तुका एकेक ओळ."

माझ्याकडे माल भरपूर होता. मासळी बाजारात उगाच केस पांढरे केलेले नाहीत.

"नको," ती म्हणाली. "तेचीच ओळ घेतंय. तुमी कोणी उचलू नकात."

तिने हात वर करून पखवाज थांबवला. आम्ही झांजा मांडीवर ठेवल्या. मग माईकवर, ऑफिसात बोलावं तसं स्वच्छ मराठीत ती म्हणाली, "समोरच्या बुवांची ओळ आधी जशीच्या तशी म्हणायची आणि मग उत्तर द्यायचं, अशी पद्धत आहे. म्हणते."

आणि तिने ती ओळ गायली. गजरात नाही. अभंग आळवावा तशी संथ, एकेक शब्द वेगळा काढून, नुसत्या पेटीवर. "घोवान धाडल्यान माघारी." मागे कोणीतरी खिदळलं. "पेटी मांडून बसली दारी." खिदळणं थांबलं. "येवा रे येवा..." इथे ती थांबली, डोळे उघडले, आणि पुरुषांच्या पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत बघत म्हणाली, "सगळे शेजारी."

मग कोरसने उचलायची जागा मोकळी ठेवून ती थांबली.

कोणी उचलली नाही. झांजांच्या धडाक्यात जे नाचत होते, त्यांना आता शब्द ऐकू आले. दारात बोलावलेले शेजारी कोण? तेच. तिच्या दारात कशाला जाणारे? आणि डाव्या अंगाला त्यांच्या बायका बसलेल्या. शिवाची बायको भक्ती मान वळवून नवऱ्याकडे बघत होती, आणि ते बघणं काही लवकर संपलं नाही.

"शिवाकाका," अपेक्षा म्हणाली, "आमचो लागीचो शेजारी तूच मा? मगाशी बरी उचललंस. आता उचल."

शिवा हसायला गेला, पण ते हसू काही जमलं नाही. मग मोबाईलमध्ये काहीतरी शोधायला लागला.

"स्वरूप बुवानू, ओळ तुमची आसा. तुमी तरी उचला."

बुवाने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. एवढं पाणी त्याने आयुष्यात प्यायलं नसेल.

"तर मग उत्तर नाही," अपेक्षा म्हणाली आणि पुढचा अभंग सुरू केला.

इथे लोकांना लाज वाटली असं मी सांगितलं असतं. वाटलीही असेल, पण तांब्यातलं पाणी संपेपर्यंतच. कार्यक्रम आटोपल्यावर आयोजक हात चोळत आले. "काय रंगली बारी! पुढल्या वर्षी हीच जोडी!" त्यांच्या मागून शिवा. "बुवा, एक फोटो." मी मधे उभी राहिले नसते तर त्याने तिच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढलासुद्धा असता. कोडगेपणा कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं.

पण खरी घाण संध्याकाळी आली, मोबाईलवर. कोणीतरी अपेक्षाचा तेवढाच तुकडा कापला होता. आधीची शिट्टी नाही, नंतरची शांतता नाही. नुसती अपेक्षा, पेटीवर, डोळे उघडून म्हणतेय, "येवा रे येवा सगळे शेजारी." खाली लोकांचं सुरू. कोणी लिहिलंय, "पत्तो दी." कोणी लिहिलंय, "आमंत्रण मिळालं." नावं बघितली तर निम्मी माणसं माझ्याकडून उधारीवर मासे नेणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीराम घरापुढच्या खळ्यात उभा होता, मोबाईल हातात घेऊन. त्याचा चेहरा बघूनच मी ओळखलं.

"पेटी बंद," तो म्हणाला.

"दादा, पुरता ऐक तरी. ती ओळ तिची न्हय. तेच्या म्होरा काय झाला..."

"म्होरला कोणी बघूक नाय. लोकांनी बघल्यानी ता बघल्यानी."

अपेक्षा बाहेर आली. तिने बापाच्या हातातून मोबाईल घेतला, तो तुकडा लावला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता ही कोसळणार. मी पुढे झाले.

"आत्ये," ती म्हणाली, "'शेजारी'वर सूर उतारलो गो."

मोबाईल परत देऊन ती आत गेली. आम्हाला वाटलं, पेटी उचलून माळ्यावर टाकणार. पेटी तिने उचलली खरी, पण बाहेर आणली. पडवीत, थेट दाराच्या तोंडाशी चटई टाकली, रस्त्याकडे तोंड करून बसली आणि पेटी पुढ्यात ओढली.

"बाबा, बंद करूची आसात तर तुमीच येवन करा," ती म्हणाली. बोट पट्टीवर होतं. "लोक म्हणतत मा, पेटी मांडून दारी बसली? तर बसलंय. बघूंदेत."

तिने सा लावला.

मासे घेऊन परतणारी माणसं रस्त्यावरून जात होती. प्रत्येकाची मान आमच्या दाराकडे वळत होती. काशीराम खळ्याच्या मधोमध उभा. एका अंगाला लोक, एका अंगाला पोरगी. मग तो बेड्याकडे, कुंपणाच्या फाटकाकडे, चालायला लागला. मला वाटलं, बेडा लावून घेणार. त्याने बेडा सताड उघडला आणि त्याला टेकून उभा राहिला. जो येईल त्याच्या तोंडाकडे बघत. माझ्या भावाला लोकांच्या डोळ्याला डोळा देताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मी आत गेले आणि झांज घेऊन आले.

थोड्या वेळाने शिवाची मोटारसायकल आली. त्याने दारातली पेटी बघितली, बेड्यावरचा काशीराम बघितला आणि गाडी वळवली.

माझी किळस काही गेलेली नाही. आयोजकांचा पुढच्या वर्षीसाठी फोन येऊन गेला, त्यांना मी काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण अपेक्षा रोज सकाळी दारातच बसते. शिवाला आता किनाऱ्यावर जायला आमचा रस्ता चालत नाही. तो मागच्या वाळूतून जातो. तिथे गाडी रुतते, मग उतरून ढकलतो.