दारात पाय

आमच्या गावच्या ग्रामसभेत हात मोजत नाहीत. सभा चालवणारे पोचूभाऊ एकेकाचं नाव घेऊन विचारतात, आणि एकानेही नकार दिला तर ठराव होत नाही. दुसरा नियम त्याहून कडक. सभेत बसून कोणी कोणाच्या कानात बोलायचं नाही. बोललंच तर ते सगळ्यांना सांगायचं.

त्या दिवशी दुभाषी मी होते. गडचिरोलीत खोली करून मी स्पर्धा परीक्षांसाठी इंग्रजी वाक्प्रचार पोपटासारखे घोकले होते, पण दरवेळी घोडं मुलाखतीत अडायचं. मी नापास झाले की आई दोन घासही नीट खायची नाही. आता एका रिसॉर्टवाल्या कंपनीने नोकरी देऊ केली होती. गावाने होकार दिला तरच ती मिळणार, हे कोणी बोललं नव्हतं, पण मी काही दुधखुळी नव्हते.

कंपनीचे दोघे आले होते. हेलनबाई परदेशी, मालकांपैकी एक. आणि मॅनेजर सक्सेना. त्यांना तलावाकाठी हिवाळ्यापुरते चार तंबू हवे होते. ते जंगल गावाच्या हक्काचं. बायका तिथेच मोहफुलं वेचतात.

"लावू द्या ना चार तंबू," कोलूकाका म्हणाले. "आपल्या पोरीले नोकरी भेटून राह्यली."

इसरूभाऊ तर आदल्या दिवशी तंबूंना शिव्या घालत होते. तेही "हो" म्हणाले. एकेक हो येत गेला. तंबू कोणालाच नको होते. सगळे माझ्यासाठी हो म्हणत होते, आणि मला त्यांचाही राग येत होता, माझाही.

आता आई आणि मी, दोघीच उरलो. सक्सेना हेलनबाईंकडे झुकून इंग्रजीत म्हणाले, "वन फूट इन द डोअर, दॅट्स ऑल वी नीड." मग माझ्याकडे बघून, "अँड द गर्ल इज इन माय पॉकेट." मला इंग्रजी कळतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरीही ते हसले.

"काय म्हनले ते?" पोचूभाऊंनी विचारलं.

"कुछ नहीं, आपस की बात है," सक्सेना म्हणाले.

"सभेत आपसातली गोष्ट नसते, साहेब. दीपिका, सांग."

हवा छान आहे म्हणाले, एवढं सांगितलं असतं तरी निभावलं असतं. समोर आई पदर मुठीत धरून बसली होती.

"दारात एक पाय ठेवाले भेटला की झालं, म्हनले," मी म्हणाले. "म्हंजे आज चार तंबू. एकदा शिरले की मंग बाकीचं हळूहळू घेता येते."

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. तेच ते. सभेत गलका झाला.

"दोन गोष्टी बोलले ते," पोचूभाऊ म्हणाले. "दुसरी?"

सक्सेनांचं हसू मावळलं. ते माझ्याकडे रोखून बघत होते. मला भीती वाटली, खरंच वाटली.

"पोरगी माह्या खिशात हाय, म्हनले. म्हंजे ते सांगतीन तेच मी बोलन."

हेलनबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. त्यांनाही मी सरळ इंग्रजीत सगळं सांगितलं. सक्सेना खाली बघू लागले.

"कलाबाई, तुमचं काय?" पोचूभाऊंनी विचारलं.

आई उठली. माझ्या नोकरीसाठी तिच्याइतकं कोणी झुरलं नव्हतं. ती हो म्हणेल, अशी मला धास्ती वाटली.

"माहं नाई," ती म्हणाली आणि खाली बसली.

"दीपिका?"

"नाई," मी म्हणाले. ठराव तिथेच पडला.

घरी आल्यावर आई चुलीपुढे बसून रडायला लागली. मी म्हटलं, "नोकरी गेली म्हनून रडून राह्यली का, आई?"

"नाई वं," ती म्हणाली. "तू गप बसली असती, तं मी हो म्हनून देत होती. मंग तुले त्याच्या खिशातून कोनं काढलं असतं?"