मारेनने दार वाजवलं की नाही

सभागृहात शिरताच थीराला दिसलं, की आईची खुर्ची कुणी रिकामी ठेवलेली नाही. पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर एक जाडसर गृहस्थ मांडीवर कोट घेऊन बसले होते आणि चीज लावलेला पाव खात होते. आई जाऊन पाच आठवडे झाले होते.

'बंधारा' मालिकेच्या प्रेक्षक मंडळाची ही वार्षिक सभा. मालिका संपून चाळीस वर्षं होत आली, तरी माणसं दर मार्चमध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या या गावात जमत, कॉफी पीत आणि भांडत. भांडण एकाच दृश्याचं. शेवटच्या भागाच्या शेवटी मारेन ही कोळ्याची विधवा, बंधाऱ्याचा मुकादम एस्किल याच्या दारात येते. उजव्या हातातला लोकरी हातमोजा काढते, दार वाजवायला हात उचलते आणि पडदा काळा होतो.

अर्ध्या मंडळाचं म्हणणं, ती प्रेमाची कबुली द्यायला आली होती. त्यांना 'दारवाले' म्हणत आणि बोडिल त्यांची पुढारी. थीराची आई गुडरून हिचं म्हणणं वेगळं होतं. एस्किलने बंधाऱ्याची भेग वेळेवर बुजवली नाही म्हणून मारेनचा नवरा बुडाला. ती जाब विचारायला आली होती. "मोजा काय हस्तांदोलनाला काढला?" आई म्हणायची. "थोबाडीत द्यायची तर हात उघडा लागतो." मंडळाच्या अंकात तिने हे एकतीस वर्षं लिहिलं, दर वेळी नव्या पुराव्यानिशी. मारेनची पावलं, तिचा श्वास, तिने वाटेत एस्किलच्या कुत्र्याकडे न पाहणं. एका वर्षी दोन्ही बाजूंसाठी कॉफीची टेबलंसुद्धा वेगळी मांडावी लागली होती.

आणि आता मालिकेच्या चाळिशीनिमित्त जयंती ग्रंथ निघणार होता. त्याच्या शेवटच्या पानावर गुडरूनचं अखेरचं लिखाण येणार, असं मंडळाच्या पत्रात छापून आलं होतं. त्या लिखाणात म्हणे गुडरूनने आपलं मत बदललं होतं. ते पत्र थीराला आईच्या टपालपेटीत सापडलं, वीजबिल आणि फुलांच्या दुकानाची जाहिरात यांच्या मधोमध.

"आलीस का?" बोडिल समोर आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, ताठ, पांढरे केस पुरुषासारखे बारीक कापलेले. "कॉफी घे. कोपनहेगनहून आलीस म्हणजे उपाशीच असशील."

"मी कॉफीला आलेली नाही."

"ते तोंडावर दिसतंयच. आईसारखंच."

"आईचं नाव तू काढू नकोस, बोडिल. एकतीस वर्षं तू तिच्याशी धड बोलली नाहीस."

"एकतीस वर्षं मी तिच्याशी भांडले," बोडिल म्हणाली. "तू तिच्याशी काय केलंस?"

थीरा तिला ओलांडून मधल्या रांगेत जाऊन बसली. उत्तर दिलं असतं तर आवाज चढला असता, आणि आवाज चढलेला या सभागृहाला आवडला असता.

प्रथेप्रमाणे सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं आणि सभा सुरू झाली. सभेचं कामकाज चालवायला व्हर्नरची निवड झाली, दर वर्षीप्रमाणे, कारण दुसऱ्या कुणाला नियम पाठ नव्हते. तो निवृत्त भूमापक होता. त्याच्यासमोर मंडळाच्या घटनेची प्रत, पाण्याचा पेला आणि एक छोटी घंटा. अध्यक्षांचा अहवाल झाला, हिशेब मंजूर झाले. मग पाचवा विषय: आलेले प्रस्ताव.

बोडिल उभी राहिली. जयंती ग्रंथाचा शेवट गुडरूनच्या लिखाणाने व्हावा. तिने मृत्यूपूर्वी ते आपल्याला सांगितलं आणि आपण ते उतरवून घेतलं.

थीराने हात वर केला.

"सभासद?" व्हर्नरने चष्म्यावरून पाहिलं.

"मी तिची मुलगी."

"ते मला माहीत आहे आणि मला वाईटही वाटतं. सभासद आहात का?"

"नाही."

"मग या विषयावर बोलता येणार नाही. पाहुण्यांना 'इतर' या विषयात बोलता येतं. तो नववा आहे."

"तोवर मतदान झालेलं असेल!"

"हो," व्हर्नर म्हणाला. "तसंच असतं ते."

मागून कुणीतरी हसलं. मतदान झालं. त्रेचाळीस विरुद्ध सहा. त्या सहांपैकी एकीने, आईच्या बाजूच्या जुन्या एल्सेबेथने, थीराकडे पाहून खांदे उडवले. आईची अख्खी फौज या सहा म्हाताऱ्यांवर आली होती, आणि त्यातला एक हात वर करून पुन्हा झोपी गेला होता.

मग सहावा, सातवा, आठवा. मंडळाच्या झेंड्याला नवी काठी घ्यावी का, यावर वीस मिनिटं गेली. थीरा हातांची घडी घालून बसली होती. तिला आईचा शेवटचा महिना आठवत होता. थीरा दर शनिवारी आगगाडीने आईकडे यायची, चार तास. परिचारिका म्हणायची, "तुमच्या आईची मैत्रीण गुरुवारी येऊन जाते." थीराला वाटायचं, शेजारीण असेल. तिने कधी विचारलं नाही. शनिवारी आई बहुधा झोपलेली असे, आणि जागी असली की औषधांबद्दल, घराच्या किल्ल्यांबद्दल बोले.

"विषय नऊ, इतर," व्हर्नरने घंटा हलवली. "इथे कुणीही बोलू शकतं. पण इथे काहीही ठरत नाही. पाहुण्यांनी हे लक्षात ठेवावं."

थीरा उठली. "मला तुमच्याकडून काही ठरवून नकोच आहे. तुम्ही ठरवलंत ते तुमच्यापाशी. आईच्या लिखाणाचे हक्क आता माझ्याकडे आहेत. माझ्या सहीशिवाय तिची एक ओळही छापता येणार नाही, आणि मी सही देणार नाही."

कुजबुज उठली. व्हर्नरने घटनेची प्रत मिटली. "बरोबर आहे. हा मग आपला प्रश्नच राहत नाही."

"का देणार नाहीस?" बोडिलने बसल्या जागेवरून विचारलं.

"कारण ते तिचं नाही. एकतीस वर्षं तुला हरवता आलं नाही तिला. आणि ती मॉर्फिनवर असताना, हातात पेन धरवत नसताना, तुझ्याच अक्षरात ती तुझ्या बाजूला आली? सोय चांगली आहे. मेलेलं माणूस उलटून बोलत नाही."

"व्वा," मागच्या रांगेतून आवाज आला. "हिला तरी कणा आहे."

"तू गप्प बस, यॉर्गन," बोडिल वळूनही न पाहता म्हणाली. मग ती उठली, पिशवीतून दोन घडी घातलेले कागद काढले आणि रांगांमधून चालत थीरासमोर आली. "सही नको देऊस. ग्रंथ गेला खड्ड्यात. पण आधी वाच. आणि मग हे तिचं आहे की नाही, एवढंच या सगळ्यांसमोर सांग."

थीराने कागद घेतले. वाचलं नाही तर ती घाबरली असं होईल, म्हणून ती उभ्याउभ्याच वाचू लागली.

अक्षर बोडिलचं होतं, मोठं, उजवीकडे कललेलं. पहिल्या परिच्छेदात मालिकेबद्दलच होतं, आणि ते कुणालाही लिहिता आलं असतं. *मारेन रागाने आली असं मी आजवर लिहीत आले, त्याची मला लाज नाही, राग होताच.* दुसऱ्या परिच्छेदाशी थीरा थांबली.

*थीरा नऊ वर्षांची होती. तिचा बाप घर सोडून गेला त्या दुपारी ती न्हाणीघरात शिरली आणि आतून कडी लावली. मी बाहेर उभी राहिले, हात उचलून. मी लोकांना सांगत आले की माणूस बंद दारासमोर हात उचलतं ते जाब विचारायला. मी तशी उभी नव्हते. ती दार उघडेल आणि विचारेल की बाबा का गेला, याची मला भीती वाटत होती. मी हात खाली घेतला आणि भांडी घासायला गेले. म्हणून मला वाटतं, मारेनने दार वाजवावं. मी वाजवलं नाही म्हणून.*

थीराने त्या दुपारी दाराखालच्या फटीतून दोन पावलं पाहिली होती. आईचे निळे मोजे. पावलं बराच वेळ तिथे होती, मग गेली. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. आईने ती सांगितली होती. एका गुरुवारी, बोडिलला.

ओळी डोळ्यांसमोर हलल्या. तिने कागद थोडा दूर धरला.

मघाचे ते पाव खाणारे गृहस्थसुद्धा चावायचे थांबले होते. बोडिलने तिच्या चेहऱ्यावर जे पाहायचं ते पाहिलं होतं. तिचा स्वर खाली आला. "तिने मला फोन केला होता, थीरा. मी गेले नव्हते. तिने बोलावलं. म्हणाली, भांडायला कुणीतरी हवं. तिसऱ्या गुरुवारी तिने हे सांगितलं. तुला सांगायचा धीर होत नाही म्हणाली."

तुला सांगायचा धीर होत नाही. हेच वाक्य थीराला सहन झालं नाही. शनिवारची चार तासांची वाट, किल्ल्यांची यादी, झोपेचं ते सोंग. तिला तेव्हाच सोंग वाटलं होतं आणि तिने ते चालू दिलं होतं.

"सांग," बोडिल म्हणाली. "एवढंच सांग. तिचं आहे ना?"

"नाही," थीरा म्हणाली.

बोडिलचे ओठ किंचित उघडले.

"हे माझ्या आईचं नाही," थीरा मोठ्याने म्हणाली, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. "असं काही आमच्या घरात कधी घडलेलं नाही."

"बोडिल!" यॉर्गन ओरडला. "हद्द झाली! मेलेल्या बाईच्या नावावर?"

"घरातली गोष्टसुद्धा रचून घातली," एल्सेबेथ शेजारणीला म्हणाली, पुरेशा मोठ्याने. "मी आधीपासूनच म्हणत होते." मघाशी बोडिलच्या बाजूने हात वर केलेली माणसं आता खुर्च्यांत चुळबुळत होती, एकमेकांकडे पाहत होती. अध्यक्ष कॉफीच्या थर्मासकडे पाहत राहिले. व्हर्नरने चिटणिसाकडे वळून म्हटलं, "इतिवृत्तात लिहा. वारसांनी लिखाण आपल्या आईचं नसल्याचं सांगितलं. ठराव नाही."

बोडिल फक्त थीराकडे पाहत होती आणि तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर थीराला बरं वाटलं असतं.

"दे मग," तिने हात पुढे केला. "कागद माझे आहेत. अक्षर माझं आहे."

थीराने ते दोन कागद चार घड्या घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आणि वरचं बटण लावलं.

"अक्षर तुझंच आहे ना?" ती म्हणाली. "मग तूच लिहिलंस."

बोडिलने हात मागे घेतला. थीरा रांगांमधून दाराकडे निघाली. मागे व्हर्नरची घंटा वाजली आणि कुणीतरी सुटकेच्या सुरात विचारलं, झेंड्याच्या काठीचं नक्की काय ठरलं.