प्लास्टर, एक

मंगळवार, १३ मार्च १९१७. सकाळी साडेनऊ वाजता, जर्मनांच्या ताब्यातल्या बेल्जियममध्ये, गेंट शहरात लेओनी रूगिर्स यांच्या दारात जर्मन सार्जंट आणि नगरपालिकेचा कारकून उभे राहिले. घरातलं तांबं, पितळ, ब्राँझ नोंदवायचं होतं. नोंदलेलं तोफगोळ्यांसाठी वितळवलं जाई.

दाराच्या मुठी लिहिल्या, मुरंब्याचं पातेलं लिहिलं. मग सार्जंट मागच्या खोलीतल्या पांढऱ्या पुतळ्यासमोर थांबला. डोळे मिटलेली स्त्री, हातात काठोकाठ भरलेला वाडगा. लेओनीचा नवरा कामिएल याने तो घडवला होता. हा बाईचा नाही, तिच्या न बोलण्याचा पुतळा, असं तो सांगे. प्रदर्शनात लोक हसले होते. १९०९ मध्ये तो क्षयाने गेला. मातीची कामं ओलीने गेली. त्याचं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि ते ब्राँझ होतं.

चार दिवस आधी शेजारच्या फॉन्सने, तो गिलावा करणारा, त्यावर प्लास्टरचा पातळ हात दिला होता.

"वहिनी, ते ठोकून बघणार. ब्राँझ घणघणतं," म्हणत त्याने बुडाच्या भोकातून ओली वाळू ठासली. "घ्या. कामिएलची बाई आता खरी गप्प झाली!"

सार्जंटने किल्लीने ठोकलं. बद्द आवाज आला. कारकून मात्र गेंटचाच. त्याने पुतळ्याच्या गालावर तळवा ठेवला आणि काढलाच नाही. प्लास्टर इतकं गार लागत नाही.

"फारच गार आहे हो ही बाई."

"कोळसा आहे कुठे? हात लावलात तर माझाही गाल गारच लागेल," लेओनी म्हणाली.

काय म्हणते, इथली भाषा न कळणाऱ्या सार्जंटने विचारलं.

"थंडीबद्दल कुरकुरतेय," कारकून म्हणाला. त्याने लिहिलं: प्लास्टर, एक.

एप्रिलमध्ये फॉन्सला सक्तीच्या मजुरीवर नेलं. लेओनी नोव्हेंबर १९१८ मध्ये फ्लूने गेली. मूलबाळ नव्हतं, सामान लिलावात निघालं.

फॉन्स जानेवारीत परतला आणि थेट लिलाववाल्याकडे गेला.

"अहो, ते ब्राँझ होतं!"

"जड होतं खरं. हमालांनी माझी आयमाय काढली. पण आत वाळू निघाली ना राव! आणि नगरपालिकेच्या यादीत प्लास्टर लिहिलंय."

"घेतलं कोणी?"

"नाव कोण विचारतं? बागेत ठेवतो म्हणाला."

फॉन्सने वर्तमानपत्रात तीनदा जाहिरात दिली: वाडगा धरलेल्या स्त्रीचा पांढरा पुतळा ज्यांच्याकडे असेल, त्यांनी तो बुडाशी थोडा खरवडून पाहावा.

जून १९२१ पर्यंत दोन पत्रं आली. दोन्ही पुतळे खरवडले गेले. दोन्ही प्लास्टरचे निघाले.