उसना फ्यूज

आमचे हे गाडी चालवतात ती हॉर्नवर. स्टिअरिंग नुसतं धरायला असतं. त्यामुळे बाजारात हॉर्नचा फ्यूज उडाला, तेव्हा यांचा चेहरा असा पडला, जणू ब्रेकच गेले.

"नवा घेऊ या," मी म्हटलं.

"कशाला? डोकं चालवायचं."

उकडतंय म्हणून यांनी स्वतःच्या बाजूची काच पार खाली केली, स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं, जळका फ्यूज फेकला आणि खिडकीच्या काचांचा, त्याच रंगाचा, त्याच ताकदीचा फ्यूज उपटून हॉर्नच्या जागी बसवला. हॉर्न खणखणीत वाजला. हे खूश. काच मात्र आता वर येईना.

पहिल्याच चौकात यांनी नेहमीसारखा लांबलचक हॉर्न दिला. इतकी वर्षं लोक काय बोलतात ते बंद काचेबाहेर राहायचं. आज सायकलवाला खाली उतरला आणि यांच्या कानाशी येऊन सविस्तर बोलला. पुढे भाजीवाली बोलली. मग एका आजोबांनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि शांतपणे मला विचारलं, "पोरी, हे घरीही असेच का?"

"घरी हॉर्न नाही," मी म्हटलं. "बाकी सगळं हेच."

यांनी गाडी बाजूला घेतली, फ्यूज परत काचांच्या जागी लावला आणि काच वर केली. घरापर्यंत गाडी इतकी शांत चालली की मला डुलकी लागली.

आता हे रोज म्हणतात, नवा फ्यूज आणायला हवा.

मी म्हणते, कशाला? डोकं चालवा.