ग्लेनिसच्या माथ्यावर तीन उन्हाळे

मित्रांनो, माझे वजन साठ ग्रॅम आहे, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याइतके. आकाराने मी तुमच्या उघड्या पंजाएवढा. एवढ्याशा अंगावर समुद्रकाठचे तीन उन्हाळे सोसलेला मी एक जुना टॉपर आहे. विग तुम्हाला ठाऊक असेल. तो सगळे डोके झाकतो. मी मात्र माथ्यापुरताच. एखाद्या बाईचे केस भांगापाशी विरळ झाले असतील, पण कानांच्या वर आणि मागे अजून दाट असतील, तर त्या विरळ जागेवर मी बसतो आणि चार छोट्या क्लिपांनी तिच्याच केसांना धरून राहतो.

माझे केस कुणाच्या डोक्यावर वाढले ते मला माहीत नाही. चीनमधल्या एका कारखान्यात एका बाईने बारीक आकड्याने माझा एकेक केस तलम जाळीत ओवला आणि त्याला गाठ मारली. मला पुरे करायला तिला सहा दिवस लागले. शेवटची गाठ बसल्यावर तिने माझ्यावर हलकेच फुंकर मारली, केस कसे पडतात ते पाहण्यासाठी. माझ्या आयुष्यातला तो पहिला वारा. पुढे नशिबात किती वारा वाढून ठेवला आहे, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

कारण मी आलो दक्षिण गोलार्धातल्या, समुद्रकाठच्या जेराल्टनला. या गावी उन्हाळ्यात दुपार झाली की दक्षिणेकडून समुद्राचा वारा सुटतो आणि अंधार पडेपर्यंत थांबत नाही. गावाबाहेरची झाडेसुद्धा कंबरेत वाकून, जमिनीला शेंडा टेकवून वाढतात. अशा गावात डोरेल नावाच्या तरुण बाईचे केसांचे दुकान आहे. तिथल्या फळीवर माझ्या शेजारी एक तांबूस विग राहायचा. तो कृत्रिम धाग्यांचा होता आणि त्याचा त्याला भारी तोरा. "मला धुवून झटकलं की मी पुन्हा जसाच्या तसा," तो म्हणायचा. "तुला मात्र विंचरत बसावं लागतं." बोलणे खोटे नव्हते, म्हणून मला ते जास्तच झोंबायचे.

एके दिवशी ग्लेनिस ट्रेवार्था दुकानात आली. वय एकसष्ट, डोळे घारे आणि डोक्यावर पांढरी टोपी. गावातल्या बोल्स क्लबच्या संघाची ती कर्णधार. बोल्स म्हणजे कापलेल्या हिरवळीवर जड चेंडू घरंगळवून एका लहान पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ न्यायचा खेळ. चेंडू मुद्दामच एका अंगाला झुकेल असा घडवलेला असतो, म्हणून तो सरळ न जाता वळत जातो, आणि तो टाकताना गुडघ्यात वाकावे लागते. वाकले की समोरच्याला काय दिसते? आपला माथा.

खेळताना टोपी असायची, त्यामुळे तिथे निभावत होते. अडचण होती आतल्या दालनाची. क्लबमध्ये चहाच्या टेबलांपलीकडे दारूचा कट्टा आहे आणि त्याच्यावर एक पितळी घंटा टांगलेली आहे. कुणी टोपी न काढता आत पाऊल टाकले की घंटा वाजते, सगळे वळून बघतात, आणि टोपीवाल्याला उपस्थित सगळ्यांना एकेक पेला पाजावा लागतो. फार जुना, मजेचा नियम. पण त्या मजेपायी ग्लेनिस दोन वर्षे आत गेली नव्हती. खेळ संपला की ती तडक गाडीत बसायची. आता मार्चमधल्या अंतिम सामन्यानंतर चषक आतच देणार होते. तिच्या पर्समध्ये एक पत्र तयार होते: गुडघा दुखतो, सबब मी खेळ सोडत आहे. गुडघ्याला काहीही झाले नव्हते.

"टोपी काढता का जरा?" डोरेल म्हणाली.

"कशाला? वरूनच अंदाज घे."

"चपला घातलेल्या पायाचं माप कसं घेऊ? केस कुठले गेलेत ते दिसल्याशिवाय विग बरा की टॉपर, मी सांगू शकत नाही."

"सगळंच झाकणारं दे. म्हणजे प्रश्नच मिटला."

डोरेलने पुष्कळ समजावले. ग्लेनिस ऐकेना. तिने पडद्याआड जाऊन, एकटीनेच, तांबूस विग घालून पाहिला आणि घेऊन गेली. जाताना त्याने माझ्याकडे असे पाहिले, की मी नजर जाळीत खुपसली.

अकराव्या दिवशी तो परत आला. समोरची झुलपे आक्रसून वळवळीत झाली होती, भांडी घासायच्या तारेसारखी.

झाले होते असे. क्लबच्या चहाला स्कोन लागतात, जॅम आणि मलई लावून खायचे छोटे फुगीर पाव. ते भाजायची पाळी सभासदांच्या घरोघर फिरते. त्या शनिवारी ग्लेनिसची पाळी होती. भट्टी दोनशे वीस अंशांवर. तिने दार उघडले आणि स्कोन फुगले का ते पाहायला, गेली चाळीस वर्षे वाकत आली तशी वाकली. कृत्रिम धाग्याला एवढी धग कुठली सोसायला? एका श्वासात सगळे संपले.

"त्याच्या डबीवर लिहिलं होतं की," डोरेल म्हणाली.

"लिहिलं असेल. स्कोन करताना डबी कोण वाचतं?" ग्लेनिस खुर्चीत बसली. "शिवाय आत इतकं उकडायचं, की वाटायचं डोकंच भट्टीत आहे."

आणि तिने टोपी काढली.

डोरेलने 'अरेरे' म्हटले नाही. तिने मोजपट्टी घेतली. भांगापासून दोन्हीकडे पाच-पाच सेंटिमीटर, मागे भोवऱ्यापर्यंत तेरा. तिथे त्वचा दिसत होती. बाजूचे आणि मागचे केस मात्र चांगले जोमदार होते. "विग कुणाला हवा, माहितीये?" डोरेल म्हणाली. "जिचे सगळेच केस गेलेत तिला. परवा एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर टॉपर मिनिटभरही टिकला नसता, क्लिपा धरणार कशाला? तुमच्याकडे धरायला पुष्कळ आहे. ते झाकून का ठेवायचं?"

तिने मला फळीवरून उचलले. माझी जाळी विरळ जागेच्या चारी बाजूंनी दोन बोटे जास्त भरली. ती तशीच भरायला हवी. क्लिप अशक्त केसांवर लावली तर तेही ओढून तुटतात. रंग उजेडात नेऊन जुळवला. मग क्लिपा लावल्या. टक्, टक्, टक्, टक्. "चार ऐकू यायला हवेत," डोरेलने बजावले.

ग्लेनिस आरशात पाहत राहिली. शेवटी म्हणाली, "ही बाई माझ्या ओळखीची आहे."

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस. बाहेर पडताच वाऱ्याने आम्हाला गाठले. तिचे बाजूचे केस उडाले, त्यांच्याबरोबर मीही उडालो, आणि दोघे एकत्र खाली बसलो. कोण कुठला, ते वाऱ्यालासुद्धा कळले नाही.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी ती आरशासमोर मला लावत होती. टक्. टक्. तेवढ्यात बाहेर मर्लने गाडीचा भोंगा वाजवला. मर्ल म्हणजे तिच्या संघातली चौऱ्याहत्तर वर्षांची खेळाडू, नेमबाज हाताची आणि त्याहून नेमबाज जिभेची. ग्लेनिस आत येत नाही म्हणून ती दोन वर्षे तिला टोमणे मारत होती. ग्लेनिसने घाईघाईने टोपी चढवली. मागच्या दोन क्लिपा उघड्याच राहिल्या. मला कळत होते, पण माणसांना ऐकू जाईल असे तोंड मला कुठे आहे?

तीन तास सामना चालला. शेवटच्या फेरीत बरोबरी होती. ग्लेनिस वाकली, चेंडू सोडला. तो वळत वळत गेला, वाऱ्याने त्याला किंचित दाबले, आणि तो पांढऱ्या चेंडूला टेकून थांबला. जिंकलो. टोपीखाली घाम निथळत होता आणि पुढच्या दोन क्लिपाही सैल पडत चालल्या होत्या.

दालनाच्या उंबऱ्यावर ग्लेनिस थबकली. आत चाळीसेक माणसे. कट्ट्यामागचा नॉर्म घंटेच्या दोरीला हात लावून मिस्कील हसत उभा.

"काढ गं ती," मर्ल मागून म्हणाली. "नाहीतर ह्या सगळ्या उंटांना पाजावं लागेल."

ग्लेनिसने एक हात पर्सवर ठेवला. पत्र आतच होते. मग दुसऱ्या हाताने तिने टोपी उचलली.

आणि टोपीबरोबर मीही निघालो.

मी टोपीच्या तळाशी उताणा पडलो होतो आणि मला तिचा चेहरा खालून दिसत होता. रंग उडालेला. हात माथ्यावर. मान दाराकडे वळलेली. मर्लने पुढे वाकून टोपीत पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि मान वर केली.

"नॉर्म, दोरी सोड. टोपी काढायचा नियम आहे. हिने तर टोपीखालचा मजलापण काढलाय. आता तूच हिला पाज."

क्षणभर कुणालाच कळेना हसावे की नाही. पहिली हसली ती ग्लेनिस. आधी नाकातून, मग सगळ्या अंगाने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिने चषक जवळ ओढला, मला त्याच्यावर पालथा ठेवून नीट विंचरले, आणि कट्ट्यामागच्या आरशात बघत माथ्यावर बसवले. टक्. पुढच्या टेबलावरून कुणीतरी म्हणाले, "एक." मग सगळेच मोजू लागले. चौथ्या 'टक्'ला टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी मर्ल खुर्ची सरकवून अगदी जवळ आली. "कुठं मिळतं हे? साठीपासून मी इकडचे केस तिकडे आणून बसवतेय. वाऱ्याच्या दिवशी बोलायलासुद्धा मान वळवता येत नाही."

"आणि दोन वर्षं मला टोमणे मारत होतीस?"

"तू आत यावंस म्हणून. एकटीला इथं कंटाळा येतो."

ग्लेनिसने कागदासाठी पर्स चाचपली. हाती ते पत्रच लागले. तिने ते उलटे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर डोरेलचा पत्ता लिहून दिला. खाली आणखी एक ओळ लिहिली: टोपी काढून जा.

त्यानंतर तीन उन्हाळे मी तिच्या माथ्यावर काढले. तिने माझी चांगली निगा राखली. दर दहा-बारा वेळा वापरल्यावर कोमट पाण्यात बुडवायची, पिळायची नाही, पंच्यात दाबून टिपायची. विंचरताना टोकांपासून सुरू करून वर यायची. भट्टी उघडताना मला काढून मसाल्यांच्या फळीवर ठेवायची. मीही तसा भाजतोच, पण जरा उशिरा. काही दिवस मला घरी ठेवून ती तशीच बाहेर जायची. आधी वाईट वाटले. मग कळले की मी तिची गरज होतो तो तिची हौस झालोय, आणि हौसेचे आयुष्य जास्त हलके असते.

पण उन्हाने माझा रंग उतरला आणि गाठी सुटू लागल्या. तुमचा केस गळाला की त्याच्या जागी दुसरा येतो. माझा गेला की गेला. तिसऱ्या वर्षी आरशात पाहिले तर माझाच भांग रुंद झाला होता. ग्लेनिसने नवा टॉपर घेतला. मला वाटले, आता कचऱ्याचा डबा.

तिने मला डोरेलच्या दुकानात नेऊन ठेवले. दर गुरुवारी ती तिथे येते आणि नवख्या बायकांना क्लिपा लावायला शिकवते. शिकण्यासाठी जुना टॉपर बरा. चुकले तरी जीव हळहळत नाही. झुलपे जळालेला तांबूस विगही फळीवर आहे. भट्टीपुढे काय होते ते दाखवायला डोरेलने त्याला राखून ठेवले आहे. आता त्याचा तोरा उतरला असून आमचे बरे जमते.

मागच्या गुरुवारी एक बाई आली. टोपी घट्ट धरून म्हणाली, "वरूनच अंदाज घ्या."

ग्लेनिसने काही समजावले नाही. तिने आपला नवा टॉपर काढून मांडीवर ठेवला आणि त्या बाईसमोर मान वाकवली. "आधी माझा बघून घ्या," ती म्हणाली. "मग तुमचं सावकाश."

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. ज्या वस्तू तुमचा भार हलका करतात, त्यांना कोमट पाण्याने आणि मऊ हाताने जपा. आणि कुणी तुमच्यासमोर चेंडू टाकायला वाकले, तर नजर चेंडूवर ठेवा. मागच्या गुरुवारी त्या बाईने शेवटी टोपी काढली. ग्लेनिसने मला फळीवरून उचलले, टोकांपासून विंचरले, तिच्या माथ्यावर ठेवून क्लिपा लावायला घेतल्या, आणि ती बाई दबक्या आवाजात मोजू लागली: एक, दोन, तीन...