निरंक

कुठल्याशा दूरच्या इस्पितळात यंत्राच्या चुकीने माणूस दगावला, तेव्हा सरकार खडबडून जागं झालं आणि सरकारला जे येतं तेच त्याने केलं: फॉर्म काढला. पलंगच रोग्याचं वजन करायचा, त्यावरून यंत्र डोस ठरवायचं. ते कधी चुकलं का, हे दर महिन्याला कळवायचं होतं. चूक कळवली की समिती येईपर्यंत यंत्र बंद. समिती यायची रमतगमत. तोवर सगळ्या वॉर्डांचे डोस हाताने कोण काढणार? म्हणून सगळीकडे एकच शब्द लिहिला जाई: निरंक, म्हणजे एकही चूक नाही.

मागच्या महिन्यात एका हडकुळ्या आजींच्या पलंगावर कुणीतरी ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवला. शहाण्या यंत्राने तोही आजींच्या वजनात धरला आणि डोस भलताच चढवला. वॉर्डच्या सिस्टरनी वेळीच पाहिलं, म्हणून आजी वाचल्या.

"हे लिहायला हवं," सिस्टर मेट्रनना म्हणाल्या.

"आजी गेल्या का? नाही ना? मग झाकली मूठ राहू दे."

सिस्टरनी निरंक लिहिलं. खरं सांगायचं तर त्यांना हायसंच वाटलं.

आज दुपारी त्यांच्या भावाचा गावाहून फोन आला. बाबांना दम लागला होता, तिथल्या इस्पितळात ठेवलं होतं.

"काळजी करू नकोस. ऑक्सिजन लावलाय, यंत्राने डोस ठरवलाय, सलाईनमधून औषध सुरू आहे."

"सिलिंडर कुठे ठेवलाय, दादा?"

"पलंगावरच, पायाशी. का गं?"

"आधी खाली उतरव तो! आणि नर्सला फोन दे!"

तिथली नर्स शांत होती. "ताई, यंत्र वजन बरोबर धरतं. सगळ्या इस्पितळांचे अहवाल आलेत, कुठेच तक्रार नाही."

"आमच्याकडे झालंय असं! सलाईन थांबवा!"

"मग कळवलं का नाही? लेखी काही नसताना मी कशी थांबवू? थांबा, डॉक्टरांना विचारते."

डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर होते. ते येईपर्यंत बाटली अर्धी झाली होती. संध्याकाळी बाबा गेले.

सिस्टर पोचल्या तेव्हा भाऊ इस्पितळाच्या पायरीवर बसला होता. रडून त्याचा आवाज बसला होता.

"त्या नर्सचा काय दोष म्हणा," तो म्हणाला. "आधी कुणाला ठाऊक असतं, तर सांगितलं नसतं का गं त्याने?"

"नसतं सांगितलं, दादा," सिस्टर म्हणाल्या. "मला ठाऊक होतं."