काचेची पट्टी

मुरुमच्या शिवारातलं शंभुलिंग अण्णांचं घर शंभर वर्षांचं. दोन हात जाड दगडी भिंती, दगडांमधल्या दर्जा, म्हणजे फटी, चुन्यानं भरलेल्या, वर मातीचं माळवद. पाच वर्षांपूर्वी त्या दर्जांमधला चुना खरवडून मी सिमेंट भरलं. लोक म्हणाले, हात असावा तर जलील मिस्त्रीसारखा. मीही फुगलो. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं, हे माझ्या बापानं मला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. पण नावाजलेल्या माणसाला बापाचं कशाला आठवतंय?

आता माजघराच्या भिंतीला पोट आलं, भेग पडली. अण्णांनी बोलावलं. खरं सांगायला जीभ रेटेना. सोमवारी भेगेवर नुसता गिलावा मारला आणि कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशी, भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. भिंत सरकली की अशी काच तडकते.

चार दिवस जेवण गोड लागेना. रोज काहीतरी निमित्त काढून जायचो, काच बघायचो. शनिवारी अण्णांच्या लेकीचा, गायत्रीचा साखरपुडा, बैठक त्याच माजघरात. शुक्रवारी सकाळी काच मधोमध तडकलेली होती.

आणि त्याच दुपारी अण्णांनी माझा पाट मांडला. आमच्यात रीतच आहे, काम झालं, गिलावा वाळला की मिस्त्रीनं त्याच भिंतीला पाठ टेकून जेवायचं. मालकाला तेवढाच भरवसा.

मी बसलो, टेकलो नाही.

"टेका की मिस्त्री, आपलीच भिंत हाय," अण्णा म्हणाले.

शंभर वर्षं उभी आहे, अजून दोन दिवस राहील, असं मनाला बजावत होतो. तेवढ्यात गायत्री ताट घेऊन आली.

"चाचा, मी बी इथंच बसते. लग्नानंतर कुठं तुमच्यासंगं जेवायला मिळणार?" म्हणाली आणि भिंतीला खुशाल रेलली.

"ऊठ," मी म्हणालो. ती हसली. मग मी तिच्या दंडाला धरून तिला ओढलीच. ताट कलंडलं, आमटी सांडली.

"अण्णा, ही भिंत पडणार. पाच वर्सामागं सिमेंट भरून म्याच तिची वाट लावली. सोमवारपसनं मला म्हाईत हाय."

कोपऱ्यातली तडकलेली काच मी दाखवली. अण्णांनी तिच्यावर बोट टेकवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"माळवदाला टेकू लावा," ते म्हणाले. "साखरपुडा अंगणातल्या लिंबाखाली करू."

दारापर्यंत गेले आणि थांबले.

"चार दिस पोरगी ह्याच भिंतीला अंथरूण टाकून झोपलीय, मिस्त्री."

रोज काच बघायला जायचो, तेव्हा इथं कोण झोपतं, एवढं मी विचारलं नव्हतं.